जाडे पोहे, पातळ नको

माइक तपासायचा तर ‘हॅलो हॅलो’ म्हणून काहीही कळत नाही. तीस वर्षं हे मी ओरडून सांगितलं, कोणी ऐकलं नाही. लग्नात बघा, सभेत बघा, माणूस माइकसमोर आला की आधी टिचकी मारणार, मग फुंकर मारणार, मग ‘हॅलो, चेक’ म्हणणार. टिचकीने माइक बिघडतो. फुंकरीने थुंकी आत जाते. आणि ‘हॅलो’ या शब्दात तपासण्यासारखं अक्षरच नाही.

माइकला छळणारी अक्षरं वेगळी. ‘प’ आणि ‘फ’ म्हटलं की तोंडातून हवेचा गोळा सुटतो, तो जाळीवर आपटतो आणि स्पीकर ‘भप्प’ करतो. ‘स’ आणि ‘श’ म्हटलं की शिट्टी वाजते. ‘ग’, ‘ब’, ‘ळ’ असलं काही म्हटलं की खर्ज किती घुमतोय ते कळतं. तेव्हा माइकवर असं बोलावं की ज्यात हे सगळं येईल. मी काय बोलायचो ते पुढे सांगतो. त्याच्यावरून दिल्लीत मोठा घोटाळा होऊन बसलाय. तो निस्तरायचा म्हणूनच मी लिहायला बसलो. नाहीतर आपल्या मंडळाच्या अंकाच्या संपादकबाई गेली तीन वर्षं मागे लागल्या होत्या आणि मी त्यांना चहा पाजून परत पाठवत होतो. माझं शिक्षण सातवी. ऱ्हस्वदीर्घ बाईंनी बघावं, बाकी कशाला हात लावू नये.

मी साताऱ्याकडचा. फौजेत वायरलेसवर होतो. कँटोन्मेंटमधून पेन्शनीत निघालो तेव्हा गावी जायचा विचार केला, तर आमची कमल म्हणाली, “गावी तुम्ही पारावर बसणार आणि मी तुम्हाला चहा पोचवणार. त्यापेक्षा इथेच काहीतरी करा.” म्हणून दिल्लीतच, मुनिरक्यात, खाली गाळा आणि वर खोली घेतली आणि माइक-स्पीकर भाड्याने द्यायचा धंदा टाकला. लग्न, मातेचं रात्रभराचं जागरण, रामलीला, आपल्या मंडळाचा गणपती. आजूबाजूला सगळ्या भाड्याच्या खोल्या, त्यात कॉलेजची पोरं. एक दिवस त्यातली दोन पोरं गिटार घेऊन आली आणि मी रॉकवाला झालो.

रॉक म्हणजे काय हे मला विचारू नका. मला एवढंच कळतं की गाणारा कुणावर तरी रागावलेला असतो, ढोल वाजवणारा त्याहून जास्त रागावलेला असतो आणि दोघांचीही आई घरी फोनपाशी बसून असते. एक जण अंगाला साखळ्या गुंडाळून, तोंड काळं करून असा किंचाळायचा की माझ्या स्पीकरचा कागद फाटला. कार्यक्रम संपला की तोच माझ्या गाळ्यावर येऊन म्हणायचा, “अंकल, एक फोन कर लूं? मम्मी परेशान होगी.” मग फोनवर, “हां मम्मी. पहना है मम्मी. मफलर भी.”

एकदा एकाच दिवशी जागरण आणि रॉक अशा दोन बुकिंगा आल्या आणि माझ्या सामानाची अदलाबदल झाली. जागरणवाल्यांना धूर सोडायचं मशीन गेलं, आणि या पोरांना मातेचा लाल पडदा, सोनेरी झालरीचा. जागरणवाले खूष, म्हणाले माता साक्षात ढगातून आल्यासारखी वाटली. पोरंही खूष. पुढच्या वेळी म्हणाली, “अंकल, वही वाला परदा.”

माझ्याकडे सगळ्यात जास्त येणाऱ्या बँडचं नाव होतं ‘ओव्हरहेड टँक’. गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी तालीम करायचे म्हणून. त्यांच्यात ढोलवाले बदलत राहिले, पण दोघं कायम. गाणारा बॉबी, करोल बागेतला. बापाचं मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान, आणि याचा आवाजही त्याच दुकानातून आणल्यासारखा. दुसरा मुआना, मिझोरमचा, गिटार वाजवायचा आणि मागून साथीला गायचा. शिकायला दातांच्या कॉलेजात होता. अबोल पोरगा.

मुआनाला एकदा गाता गाता शॉक बसला. यात माझी चूक नव्हती, किंवा अर्धी होती. विजेला जमिनीत जायला वाट लागते, तिला अर्थिंग म्हणतात. कॉलेजच्या मैदानात ती नसायचीच. मग मी मातीत लोखंडी सळई ठोकायचो आणि भोवती मिठाचं पाणी ओतायचो. त्या दिवशी मीठ विसरलो. एका हाताने गिटारची तार धरलेली, ओठ माइकला लागले आणि मुआना हातभर उडाला. समोरची पोरं वेडी झाली. त्यांना वाटलं हीच त्याची स्टाइल. पुढच्या कार्यक्रमाला मी मीठ घातलं, सगळं ठीक केलं, तर मैदानातून ओरडा, “जंप! जंप!” बिचारा शॉक नसताना उडायला लागला. अजून उडतो. गुडघे गेलेत.

आता तो घोटाळा.

आमच्या घरात लिहिण्याचं खातं कमलकडे. ती मॅट्रिक, मी सातवी, आणि हा फरक तिने लग्नाच्या पहिल्या आठवड्यापासून मला विसरू दिला नाही. मुनिरक्यात सगळं मिळायचं, पण आपल्याकडचं नाही मिळायचं. त्यासाठी करोल बागेत एका मराठी बाईंचं दुकान होतं, अजून आहे. कुठेही कार्यक्रम असला तरी परतताना तिकडून यायचं, असा नियम. निघताना कमल खिशात यादी घालायची. सामान आणलं की ती एकेक वस्तू यादीशी ताडून बघायची आणि मग तो कागद स्वयंपाकघराच्या दारामागच्या तारेत खोचायची. आली नाही एखादी वस्तू, तर कागद तारेत जात नसे. मला पुन्हा पाठवायची.

मला वाचायला वेळ लागतो. दुकानात गर्दी, मागचे ढोसतात आणि मी अक्षर लावत उभा. म्हणून मी युक्ती काढली. माइक लावून झाले की यादी काढायची आणि प्रत्येक माइकवर एकदा वाचायची. तीनचार माइक झाले की यादी पाठ. तपासणीही झाली, बाजारही सोपा झाला. आणि खरं सांगतो, माइकसाठी याहून चांगलं कोणी काही लिहिलेलं नाही. ‘पोहे’ आणि ‘फुटाण्याचं डाळं’ म्हटलं की हवेचा गोळा कळतो. ‘शेंगदाणे, आमसुलं’ म्हटलं की शिट्टी. ‘गूळ’ म्हटलं की खर्ज. वजन ती लिहायची नाही, वजन नेहमीचंच. आणि वाचायचो मी वायरलेसवर शिकवलं होतं तसं, छातीतून, एकेक शब्द तोडून, मध्ये थांबून.

“जाडे पोहे. पातळ नको. शेंगदाणे. फुटाण्याचं डाळं. आमसुलं. मोहरी, बारीक.”

एवढं पाठ करूनही मी दर वेळी पातळ पोहेच आणायचो. ते कसं, मला आजवर कळलेलं नाही. दोन पोती शेजारी शेजारी, मी बोट दाखवायचो आणि बोट चुकीच्या पोत्याकडे जायचं. कमल पुडी हातात घ्यायची, दाबून बघायची आणि काही न बोलता पिशवी परत माझ्या हातात द्यायची.

पोरांना मराठी येत नव्हतं. दिल्लीत मराठी माणसं काही कमी नाहीत, पण ती रॉक ऐकायला येत नाहीत. तेव्हा तिकडे पोह्याला पोहे कोणी म्हणायचंही नाही, चिवडा म्हणायचे. कमल या पोरांना पोहे खायला घालायची, तर मुआना त्याला ‘आंटी का यलो राइस’ म्हणायचा. त्यांना वाटलं की फौजी अंकल कार्यक्रमाआधी काहीतरी मंत्र म्हणतात. मी वाचायला लागलो की ही पोरं माना खाली घालून उभी राहायची. मला वाटायचं, आवाज नीट ऐकतायत. म्हटलं, बरी शिस्त आहे.

मग एकदा मी चष्मा घरी विसरलो आणि तो द्यायला कमल मैदानावर आली. दुपारची वेळ, पोरं जमलेली. मी चष्म्याविना आठवून आठवून यादी म्हणत होतो. मागून, अगदी शेवटच्या रांगेच्या मागून, तिने आवाज दिला.

“अहो! खोबरं! खोबरं राहिलं!”

आमच्या हिचा आवाज असा की तिला माइक लागत नसे. मग पुढची दोन पोरं ओरडली, “खोबरं!” मग सगळी. स्टेजवर बॉबीने मूठ वर केली, “खो-ब-रं!” आणि ढोल सुरू.

तेव्हापासून हे असं झालं. मी यादी संपवायची आणि मैदानाने ‘खोबरं’ म्हणायचं.

घरी येऊन कमल पदर तोंडात घालून हसत होती. “अख्ख्या कॉलेजला आपलं खोबरं संपलेलं कळलं.” मी म्हटलं, उद्या सांगून टाकतो त्यांना. पण उद्या मुआना आला, वही पुढे केली, म्हणाला, “अंकल, पहली लाइन लिख दो, अपने हाथ से.” मला वाटलं याला पोहे करायचे असतील. लिहून दिलं. आठवड्याने आला तो बाही वर करून. दंडापासून मनगटाकडे, माझ्याच वेड्यावाकड्या अक्षरात, हिरव्या शाईत गोंदलेलं: जाडे पोहे पातळ नको.

मी वर जाऊन कमलला सांगितलं. ती जी हसत सुटली ती पोळी करपेपर्यंत. मग डोळे पुसून म्हणाली, “आता सांगू नका त्याला. ते काही पुसून निघत नाही.”

“कधीच नको?”

“मी आहे तोवर तरी नको. मला बघायचंय हे कुठवर जातं.”

फार लांबवर गेलं. मुआना दातांचा डॉक्टर झाला. आता तोंडात आरसा घालून वाकला की खुर्चीतल्या माणसाला बाहीखालून ‘पातळ नको’ दिसतं. विचारलं कोणी तर सांगतो, “ब्लेसिंग है.” बॉबी बापाच्या दुकानात बसायला लागला. पोरं म्हातारी झाली, माझे कान गेले, धंदा मी बंद केला. आवाज जुळवायचा एक मिक्सर आणि एक माइक ठेवला, तोही कापडात गुंडाळून.

गेल्या वर्षी गणपतीनंतर कमल गेली.

त्यातलं एवढंच सांगतो. सकाळी तिने यादी दिली. मी म्हटलं, उद्या आणतो. उद्या तिला दम लागला आणि आम्ही दवाखान्यात होतो. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, “पोहे आणले?”

मी म्हटलं, “आणले.”

“कुठले?”

“जाडे.”

“खोटं बोलता,” ती म्हणाली. आणि डोळे मिटून घेतले. हसत होती की दुखत होतं, मला कळलं नाही.

ती यादी माझ्या खिशात राहिली. सदरा बदलला की यादी त्या सदऱ्यात. करोल बागेत गेलो नाही. पोहे आणले की यादी तारेत जाणार, आणि मग पुढची यादी येणार नाही. मुलगी फोनवर म्हणायची, बाबा, पोहे खाता ना, करायला सोपे असतात. मी हो म्हणायचो. चौदा महिने मी ब्रेडवर काढले. त्याच्यावर काही लिहिण्यासारखं नाही.

तर या दिवसांत एक पोरगी आली. इशानी नाव, बंगाली, विद्यापीठात संशोधन करते. दिल्लीतल्या जुन्या रॉकवाल्यांना शोधून त्यांच्या तोंडून जुन्या गोष्टी रेकॉर्ड करायच्या आणि त्याचं पुस्तक करायचं, असं तिचं काम. मी म्हटलं, “इसमें पढ़ाई कहां है?” ती म्हणाली, “अंकल, यही पढ़ाई है.” बरं.

तिने मला थोडं ऐकवलं. ऐकून मला कळलं की आठवण म्हणजे काय चीज आहे. ओव्हरहेड टँकच्या पहिल्या कार्यक्रमाला बॉबीच्या म्हणण्याप्रमाणे हजारो लोक होते, भिंती चढून आले होते. मी होतो तिथे. चौदा माणसं होती. त्यातले चार केटरिंगवाले, खुर्च्या परत न्यायला थांबलेले. तीन वेगवेगळ्या ढोलवाल्यांनी सांगितलं की त्या दिवशी ढोल आपणच वाजवला. वाजवला कुणीच नव्हता, ढोल माझ्या टेंपोत राहिला होता.

मग ती रेकॉर्डर जवळ सरकवून म्हणाली, “अंकल, अब मंत्र.”

मी म्हटलं, “कौन सा मंत्र?”

“सब लोग बोलते हैं. हर इंटरव्यू में है. एक ने कहा वेद का है. एक ने कहा फौज का कोड है. एक ने कहा आप दूसरे बैंड पर टोना करते थे.” मग तिने बॉबीचं लावलं. बॉबी सांगत होता की हे म्हणजे पानिपतावर लढाईच्या सकाळी मराठे म्हणाले ते शब्द आहेत. ‘जाडे’ म्हणजे हिंदीतली थंडी, लढाई थंडीतच झाली होती, आणि ‘खोबरं’ ही शेवटची आरोळी. अंकलच्या घराण्यात चालत आलंय.

पानिपतला मी गेलोय. स्टेजवर अंथरायच्या सतरंज्या आणायला.

“मेरी किताब का पूरा एक चैप्टर है इस पर,” इशानी म्हणाली. “बस शब्द पूरे चाहिए. और मतलब.”

आता मी फटकळ माणूस. तोंडावर आलं होतं. पण कमलने सांगितलं होतं, मी आहे तोवर नको. सांगितलं असतं तर त्याचा अर्थ ती नाही असा झाला असता. हे या पोरीला कसं समजावणार? मी म्हटलं, “मुझे याद नहीं.” ती हिरमुसली. जाताना म्हणाली की रविवारी दुपारी कॉलेजच्या मैदानावर सगळे जुने बँड एकत्र वाजवणार आहेत, मुआनासर आणि बॉबीसर सुद्धा, आणि माइक तपासायला तुम्हीच या अशी दोघांची अट आहे.

रविवारी माइक कापडातून काढला, पुसला आणि गेलो. सामान सगळं नवीन होतं, अर्थिंग झकास, मला करायला काही नव्हतं. मैदानात टक्कल पडलेली माणसं, त्यांच्या बायका, त्यांची मोठी झालेली पोरं. बॉबीचं पोट एवढं की गिटार त्याला अडकवायची गरज नाही, नुसती ठेवली तरी राहील. मुआना वाकून पाया पडला. “आंटी का सुना, अंकल,” एवढंच म्हणाला. त्याची बाही वर गेली आणि ते हिरवं अक्षर दिसलं. कातडी सैल पडल्यामुळे ‘पातळ’ जरा जाड झालं होतं.

“अंकल,” बॉबी माइकवर म्हणाला, “हो जाए!”

सगळे उभे राहिले. माना खाली. माझा हात खिशात गेला, कागद लागला. कमल नाही हे आता पोरांनाही ठाऊक होतं. मी माइकसमोर गेलो आणि तोंडातून आधी जे आलं ते हे:

“देखो, ये मंतर-वंतर कुछ नहीं है. ये राशन की चिट्ठी है. मेरी घरवाली लिखती थी. जाडे पोहे मतलब मोटा वाला चिवड़ा. पतला नहीं चाहिए. बस इतना है. तीस साल से इतना ही है.”

इशानी खाली मान घालून हसतेय की रडतेय कळेना, रेकॉर्डर मात्र घट्ट धरलेला. मुआना आपला दंड वाचत होता, एकेक अक्षर, बोट ठेवून.

“अंकल,” तो म्हणाला, “यलो राइस?”

“यलो राइस,” मी म्हटलं.

“और मैं मरीज़ों को...” तो मागच्या खुर्चीत बसला. खांदे हलायला लागले. मला वाटलं आता काय, पण तो हसत होता. मी त्याला तीस वर्षांत इतका मोठ्याने हसताना ऐकलं नव्हतं. मग सगळं मैदान. फक्त बॉबी हसला नाही. तो पुढे आला आणि गंभीर तोंडाने लोकांना म्हणाला, “अंकल की उमर हो गई है. और सोचो, राशन ही तो था! फौज बिना राशन के लड़ती है क्या?” पानिपत काही त्याने सोडलं नाही.

मग माझ्याकडे वळून हळू म्हणाला, “आंटी की चिट्ठी है तो क्या हुआ. पढ़ो ना, अंकल.”

मी चष्मा लावला. कागद घडीवर फाटायला आला होता.

“जाडे पोहे. पातळ नको. शेंगदाणे. फुटाण्याचं डाळं. आमसुलं. मोहरी, बारीक. वेलदोडे. गूळ, चिक्कीचा नको.” पूर्वी वाचायचो तसंच, छातीतून, शब्द तोडून. माइक नवा होता, चांगला. ‘फ’ला जराही भप्प केलं नाही. शेवटी एक ओळ होती, ती मी कितीदा वाचलेली. ‘पातळ आणलेत तर तुम्हीच खा.’ ती मला वाचता येईना. ‘पातळ’पर्यंत आलो आणि आवाज गेला. वायरलेसवर असं झालं तर समोरचा विचारतो, ऐकू येतंय का. मी उभा.

मागून, अगदी शेवटच्या रांगेच्या मागून, कोणीतरी बाई ओरडली, “खोबरं!”

कुणाची तरी बायको असेल. मी वळून बघितलं नाही. मग सगळेच ओरडले, खो-ब-रं, खो-ब-रं, आणि ढोल सुरू झाला. मी यादीत बघितलं. खरंच, खोबरं लिहायचं राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुआना दवाखाना बंद ठेवून आला. “चलो अंकल, मेट्रो से चलते हैं.” करोल बागेत त्या दुकानात बाई आता ऐंशीच्या आहेत, खुर्चीत बसून सुनेला हुकूम सोडतात. मी यादी वाचली. पोत्यांपाशी आलो, बोट उचललं. ते निघालं चुकीच्याच पोत्याकडे. तेवढ्यात मुआनाने बाही वर केली आणि दंड बाईंच्या पुढे धरला.

बाईंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. वाचलं. मुआनाच्या तोंडाकडे बघितलं, परत दंडाकडे बघितलं.

“अगं,” त्या सुनेला म्हणाल्या, “यांना जाडे दे. पातळ नकोत म्हणतायत.”

खोबरंही घेतलं.

घरी आलो तर बॉबी जिन्यात बसलेला. पोहे मीच केले. मोहरी करपली, मीठ जास्त झालं, खोबरं नंतर आठवलं म्हणून वरून घातलं. दोघांनी ताटल्या पुसून खाल्ल्या आणि “बढ़िया” म्हणाले. खोटारडे. बॉबी म्हणाला की पानिपतावर असेच असणार. इशानीचा फोन आला, तिच्या पुस्तकात आता दोन्ही राहणार आहे, माझंही आणि बॉबीचंही. म्हणते, मौखिक इतिहासात असंच असतं. असू दे. खरं काय ते मी इथे लिहिलंय, आणि ते मराठीत आहे, म्हणजे बॉबीला कळायची भीती नाही.

दोघं गेल्यावर मी डबे भरले. एकेक वस्तू यादीशी ताडून बघितली, तिच्यासारखी. पोह्यांची पुडी दाबून बघितली. जाडे.

“आणले गं,” मी म्हटलं, आणि कागद दारामागच्या तारेत खोचला.